‘मालक माहीत नाही’ असा एक बाण

रियाजभाई, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. वाईट नंतर वाटलं, खूप वाटलं, अजून वाटतंय. पण आधी ते. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. कुलकर्णी सर फोनवर सांगत होते, की सकाळी दाढी करता करता तुम्ही कोसळलात आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी "अरे देवा" म्हणाले आणि त्याच क्षणी मनात आलं, आता तो प्रश्न मला पुन्हा कोणी विचारणार नाही. ओला टॉवेल हातात तसाच होता. मला माझीच इतकी भीती वाटली की मी खाली बसले.

सोळा दिवस झाले. ऑफिसात शोकसभा झाली. सगळे तुमच्या हुशारीबद्दल, शांत स्वभावाबद्दल बोलले. तुमचा तिरकसपणा कोणी काढलाच नाही, जणू गेलेला माणूस आपोआप गोड होतो. मला वाटलं, उठून सांगावं. हडपसरच्या त्या चौथ्या मजल्यावरचा माझा पहिला दिवस होता आणि मी मोठ्या उत्साहाने विचारलं होतं, "सर, कुठून सुरुवात करू?" तुम्ही स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालात, "खुर्चीत बसण्यापासून." आणि थोड्या वेळाने, "आणि ते सर नको. सर म्हटलं की लोक चुका लपवतात. भाई म्हण." मी त्या दिवसापासून भाई म्हणायला लागले. चूक लपवायची ती लपवलीच.

आपण करतो तरी काय, हे माझ्या आईला मी कधी नीट सांगू शकले नाही. तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात तेव्हा पाच मिनिटांत सांगितलंत. एका मोठ्या हॉस्पिटलचं सगळं सॉफ्टवेअर लहान लहान डब्यांमध्ये चालतं, त्यांना कंटेनर म्हणतात. एक डबा पेशंटचे रिपोर्ट छापतो, एक औषधांच्या नोंदी ठेवतो, एक आयसीयूचा तक्ता सांभाळतो. असे शेकडो डबे एकत्र चालतात, तो झाला क्लस्टर. कोणत्या डब्याने कशाला हात लावायचा याच्या परवानग्या ठरलेल्या असतात, आणि त्या तपासायच्या हे आपलं काम. आई म्हणाली, "म्हणजे किल्ल्यांचं काम." तुम्ही आमटी वाढून घेत म्हणालात, "किल्ल्या असत्या तर बरं होतं, काकू. किल्ली जास्तीची झाली तर खिसा तरी जड होतो." आई आजही तुमचं नाव निघालं की हे सांगते. तुम्ही गेल्याचं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, त्यांना आमटी आवडली होती," आणि रडायला लागली.

आपलं भांडण एकच होतं आणि ते संपलं नाही. मी यादीवाली. परवानग्या यादीत काढाव्यात, एकेक वाचावी, खूण करावी. तुम्हाला यादीचा राग यायचा. "यादीत प्रत्येक जण सज्जन दिसतो," तुम्ही म्हणायचात. "कोण कोणाला ओळखतो, ते यादी सांगत नाही." म्हणून तुम्ही सगळा क्लस्टर ग्राफ डेटाबेसमध्ये भरलात. प्रत्येक डबा, तो ज्याच्या नावाने चालतो ते प्रत्येक खातं, प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, आणि प्रत्येक परवानगी म्हणजे एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे जाणारा बाण. मग डेटाबेसला सरळ विचारायचं, बाहेरच्या जगाला उघड्या असलेल्या ठिपक्यापासून सर्वाधिकार असलेल्या ठिपक्यापर्यंत बाणांवरून चालत जाता येतं का? मी म्हणाले होते, हे दिसायला छान आहे, पण हौस आहे. तुम्ही म्हणालात, "बरं."

तुमचं ते "बरं" मला कोणाच्याही ओरडण्यापेक्षा जड जायचं.

तो दिवस तुम्हालाही आठवत असणार. दुपारचे साडेतीन वाजले होते, मी चहाचे दोन कप घेऊन आले आणि तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवलीत. पहिली मोठी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा तोच प्रश्न, चालली होती. पडद्यावर एकच मार्ग होता. पेशंट घरबसल्या रिपोर्ट उतरवून घेतात त्या पानामागचा छोटा डबा, तिथून त्याचं खातं, त्या खात्याला नवे डबे सुरू करायची परवानगी. नवा डबा सुरू करता आला की तो शेजारच्या कोणत्याही खात्याच्या नावाने सुरू करता येतो, आणि शेजारी होतं आपलं सर्वाधिकारी खातं. संपलं. रिपोर्टच्या पानातून कोणी आत शिरलं, तर चार पावलांत ते आयसीयूच्या औषधांच्या तक्त्यापर्यंत पोचेल. डोस बदलेल, आणि कोणाला कळणारही नाही. यादीत या चारही परवानग्या मी माझ्या हाताने तपासून बरोबरची खूण केलेल्या होत्या.

"आता बोल, हौस आहे का?" तुम्ही म्हणालात. तुमच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तुम्ही घाबरला होतात. मी तुम्हाला घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं.

मग तुम्ही तिसऱ्या बाणावर बोट ठेवलंत. "रिपोर्ट छापणाऱ्या डब्याला नवे डबे कशाला सुरू करायचेत? हा बाण कोणी दिला? आणि का?"

मला त्याच क्षणी आठवलं. तीन वर्षांपूर्वीचा शुक्रवार. हॉस्पिटलला जुने रिपोर्ट नव्या पद्धतीत आणून हवे होते, एकट्या डब्याला ते झेपत नव्हतं, मदतीला आणखी डबे सुरू करावे लागणार होते. मी त्याला तेवढ्या दुपारपुरती परवानगी दिली. काम संध्याकाळी झालं. सगळे पिझ्झा खायला गेले, मीही गेले. परवानगी तशीच राहिली. सोमवारी आपल्याला कागद भरून द्यायचे होते, की दिलेल्या सगळ्या तात्पुरत्या परवानग्या काढल्या आहेत. मी सही केली. तपासलं नाही. तेव्हा ते खोटं नव्हतं, निष्काळजीपणा होता. खोटं त्या साडेतीन वाजता झालं, कारण तुम्ही विचारलंत आणि मी म्हणाले, "काय माहीत."

नाव सापडणार नव्हतं, हेही मला लगेच कळलं होतं. त्या काळात गडबडीच्या दिवशी आपण दोघं-तिघं एकाच अॅडमिन लॉगिनने काम करायचो. नंतर तुम्हीच भांडून ते बंद केलंत. जुन्या नोंदी काही महिन्यांनी पुसल्या जातात. म्हणजे तो बाण कोणी दिला, हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस तुमच्या शेजारी चहा घेऊन उभा होता.

दुसरा कोणी असता तर त्याने तो बाण सरळ पुसला असता. तुम्ही नाही पुसलात. तुमचा नियम होता, ज्याने दिलं त्याला विचारल्याशिवाय काढायचं नाही. मंडईमागे तुमच्या अब्बांचं तराजू दुरुस्तीचं दुकान होतं. भाजीवाल्याचा काटा आला की ते आधी तो उघडायचे नाहीत, आधी विचारायचे, "हा एका बाजूला का झुकतो, तुला माहीत आहे का?" बहुतेकांना माहीत असायचं. हे तुम्ही मला कितीदा सांगितलं असेल. आणि एकदा तुम्ही स्वतः न विचारता एक फालतू दिसणारी परवानगी काढली होतीत, तेव्हा प्रयोगशाळेचे रिपोर्ट अख्खी सकाळ डॉक्टरांपर्यंत पोचले नव्हते आणि एका बाईचं ऑपरेशन खोळंबलं होतं. तेव्हापासून तुम्ही विचारायचातच. बाणाखाली तुम्ही लिहून ठेवलंत, "मालक माहीत नाही." दुसरीकडून मार्ग तोडायचा तर हॉस्पिटलशी बोलून तारीख घ्यावी लागणार होती. तोवर तुम्ही त्या वाटेवर पहारा बसवलात. काही हललं की तुमच्या फोनवर सूचना. तेव्हापासून तुम्ही फोन उलटा ठेवणं बंद केलंत.

तुम्ही मला तीनदा विचारलंत. पहिल्यांदा त्या दुपारी. दुसऱ्यांदा मीटिंगमध्ये, सगळ्यांना मिळून. "कोणी दिला असेल तर सांगा, बाबांनो. फाशी नाही, फक्त कारण हवंय." सगळे हसले. मीही हसले. तिसऱ्यांदा जेवताना, दोघंच असताना. तुम्ही हळू आवाजात विचारलंत, "मेघना, तेव्हा त्या लॉगिनचा पासवर्ड आपल्या तिघांकडेच होता. तू, मी आणि संदीप. संदीपला मी कॅनडात मेसेज केला, तो नाही म्हणतो. तू आठवून बघ ना नीट." मी आठवायचं नाटक केलं. खरंच केलं, वर छताकडे वगैरे पाहिलं. आणि म्हणाले, "नाही हो, मी नाही दिला." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि डबा अर्धा ठेवून उठलात.

मला कशाची भीती होती, ते आता नीट सांगता येत नाही. नोकरी जाण्याची होती. खोट्या सहीची होती. पण सगळ्यात मोठी ही होती, की तुम्ही रागावणार नाही. माझ्या हातून पहिल्या वर्षी रात्रपाळीच्या नर्सेसचं लॉगिन बंद पडलं होतं तेव्हा तुम्ही हॉस्पिटलला फोन करून सांगितलं होतंत, "चूक आमच्याकडून झाली," आणि कोणाच्या हातून झाली हे शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. मला म्हणालात, "पुढच्या वेळी हात लावायच्या आधी हाक मार." इतकंच. त्या माणसासमोर तीन वर्षांनी पुन्हा तेच घेऊन उभं राहायचं माझ्याने झालं नाही. आणि एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा नाही म्हणणं सोपं गेलं, तिसऱ्यांदा तर तोंडातून आपोआप आलं.

त्या दिवसांत सोलापूर रोडवरून अँब्युलन्स गेली की मी हातातलं काम थांबवून आवाज ऐकत राहायचे. हॉस्पिटलचा नंबर फोनवर दिसला की दोन रिंग जाऊ देऊन मग उचलायचे. मी मनात म्हणायचे, तारीख मिळेल, मार्ग तुटेल, विषय संपेल. तारीख मिळायच्या आधी तुम्ही गेलात.

तुमचं काम माझ्याकडे आलं. तुमचा डेटाबेस, तुमच्या क्वेरी, तुमचा पहारा. सूचना आता माझ्या फोनवर येते. तुमच्या खुर्चीत मी अजून बसत नाही, माझी खुर्ची ओढून घेते. पहिल्याच दिवशी मी तुमची ती क्वेरी चालवली. तोच मार्ग, तेच चार बाण, तिसऱ्याखाली तुमच्या हातचे तीन शब्द. आता तो प्रश्न विचारायचं काम माझं होतं. मीटिंगमध्ये उभं राहून मी विचारायचं, "हा कोणी दिला?" आणि उत्तर यायची वाट बघायची. मी ते केलंही, रियाजभाई. तेही केलं मी. विचारलं, आणि सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

कुलकर्णी सरांना अहवाल हॉस्पिटलकडे पाठवायचा होता आणि त्यात मालकाचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. मीटिंगनंतर त्यांनी मला थांबवलं. ते वाईट माणूस नाहीत, हे तुम्हीच म्हणायचात, फक्त त्यांना रिकामी जागा बघवत नाही. ते म्हणाले, "हे बघ, तिघांकडेच पासवर्ड होता. तू नाही, संदीप नाही. रियाज घालून टाक. त्याला आता काय फरक पडतो? आणि कोण कशाला बोलेल गेलेल्या माणसाला?"

मी म्हणाले, "बघते." मी बघते म्हणाले. नाही म्हणाले नाही. खाली जाऊन पार्किंगमध्ये उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की मी खरंच विचार करतेय. तुमचं नाव लिहिलं की सगळं मिटत होतं. सही मिटत होती, तीनदा बोललेलं खोटं मिटत होतं. डोकं शांतपणे म्हणत होतं, तीन अक्षरं तर लिहायची आहेत.

त्या संध्याकाळी मी विश्रांतवाडीला तुमच्या घरी गेले. भाभींना भेटायचं राहिलं होतं. अंत्यविधीच्या दिवशी आम्ही ऑफिसच्या बायका नुसत्या दारातून परतलो होतो. खरं सांगायचं तर मी धीर गोळा करायला गेले होते, की तुमचं नाव लिहायला मन घट्ट करायला, मलाच माहीत नव्हतं. भाभी आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. नवरा गेल्यानंतरची इद्दत चालू होती, त्यामुळे घराबाहेर जाणं नाही. त्यांनी मला जवळ बसवलं, पाणी दिलं, माझ्या आईची चौकशी केली. मग म्हणाल्या, "तुला एक विचारू? ऑफिसात त्यांचं काही चुकत होतं का?"

मी म्हणाले, "नाही. का हो?"

"शेवटचे पंधरा-वीस दिवस फार घाबरलेले होते. मला म्हणायचे, नसीम, मी विसरायला लागलोय. अब्बांसारखं." अब्बांचं मला माहीत होतं. शेवटी शेवटी त्यांना कोणता काटा कोणाचा ते आठवायचं नाही, आणि तुम्ही त्याबद्दल कधी चेष्टा करायचा नाहीत. "म्हणाले, कामात एक मोठी चूक सापडली. तिघांपैकी एकाची. एक नाही म्हणतो. मेघना पण नाही म्हणते, आणि ती खोटं बोलायची नाही. म्हणजे मीच केलंय आणि मला आठवत नाही."

मी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"रोज सकाळी उठले की मंडईतल्या गाळ्यांची नावं म्हणायचे," भाभी सांगत होत्या. "लहानपणी अब्बांबरोबर काटे पोचवायला जायचे ना, ती ओळ. कोपऱ्यावरच्या लिंबूवाल्यापासून शेवटच्या केळीवाल्यापर्यंत. मला म्हणायचे, तू मोज, एक गाळलं तर सांग. अगं, मला काय माहीत त्यांच्या लहानपणीचे गाळे? मी आपली हूं हूं करायची. डॉक्टरांचा नंबर पण लावला होता, डोक्याच्या. ते गेले त्याच्या पुढच्या बुधवारचा."

"चुकायची का नावं?" मी विचारलं.

"कधीच नाही. रोज तीच नावं, त्याच क्रमाने. तरी भरवसा नव्हता. त्या दिवशी पण दाढी करताना म्हणतच होते."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटलेली नाही. तो मार्ग पडद्यावर पाहिला तेव्हाही नाही. तुम्ही संदीपवर विश्वास ठेवलात, माझ्यावर विश्वास ठेवलात आणि मग तुमच्याकडे संशय घ्यायला तुम्ही एकटेच उरलात. हे गणित तुम्ही जेवताना माझ्यासमोर मांडलं होतंत. मी त्याचं उत्तर काढलं नाही. मी माझ्यापुरतंच पाहत होते.

मी म्हणाले, "भाभी, ते काही विसरले नव्हते. ती चूक माझी होती. त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा नाही म्हणाले."

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. ओरडतील असं वाटलं, जा म्हणतील असं वाटलं. त्यांनी माझ्या हातातून ग्लास काढून घेतला, कारण पाणी माझ्या कुर्त्यावर सांडत होतं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हे त्यांना सांगायचं होतंस गं."

पुढे बोलणं झालं नाही. मी निघताना त्यांनी "सावकाश जा, रस्त्यावर खड्डे आहेत" म्हटलं. तेवढ्यावरही मी जिन्यात रडले.

काल सकाळी मी ऑफिसला गेले आणि तो बाण काढला. काही बंद पडणार नव्हतं, हे मला त्या दुपारपासून माहीत होतं, तरी तासभर फोनकडे बघत बसले. कोणाचा फोन आला नाही. मग तुमची क्वेरी चालवली. उत्तर कोरं आलं. एकही मार्ग नाही. मालकाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, खाली तो शुक्रवार लिहिला, ती सही लिहिली, आणि का दिला तेही लिहिलं, कारण तुम्हाला तेच हवं होतं. कुलकर्णी सरांनी वाचलं आणि चष्मा काढून मला विचारलं, "अगं, पण कशाला?" मी म्हणाले, "कारण तो माझा आहे." उद्या अकरा वाजता मला वर बोलावलंय. काय होईल ते ठाऊक नाही. तुम्ही असतात तर लिफ्टपर्यंत सोडायला आला असतात, हे मात्र मला माहीत आहे.

यादी चूक होती, रियाजभाई. तुमचंच बरोबर होतं. ते भांडण मी हरले. दुसरं सांगायला मला सोळा दिवस आणि त्याआधीचे तीन आठवडे उशीर झालाय, आणि तो उशीर आता भरून निघणार नाही. तुम्ही काहीच विसरला नव्हतात. तुम्ही विसरावं असं तिथे काही नव्हतंच. आठवत मला होतं, आणि मी समोर बसून नाही म्हणाले.